द्राक्षाचा बेदाणा होताना

दादासाहेब फाळके १९१३ साली मुंबईहून नाशिकला आले आणि इथे त्यांनी जो पहिला चित्रपट केला, त्याची गोष्टच रूप पालटण्याची होती: ‘मोहिनी भस्मासुर’. विष्णूची मोहिनी होते, तिच्या नादानं नाचता नाचता भस्मासुर स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो आणि त्याची राख होते. एका कथेत दोन रूपांतरं. या चित्रपटाचं नाव निघतं ते बहुधा कमलाबाई आणि त्यांच्या आई दुर्गाबाई कामत यांच्यामुळे, कारण आपल्या पडद्यावर आलेल्या या पहिल्या स्त्रिया. मला मात्र या गोष्टीतली एक जागा खुणावते. विष्णू संपला आणि मोहिनी सुरू झाली, त्या मधल्या क्षणी तिथे कोण होतं?

त्या काळच्या कॅमेऱ्यापाशी याचं उत्तर नव्हतं. रूप पालटायच्या युक्त्या दोन. पहिली म्हणजे कॅमेरा थांबवायचा, समोरचा माणूस बदलायचा आणि कॅमेरा पुन्हा सुरू करायचा. दुसरी म्हणजे त्याच फिल्मवर दोनदा चित्रण करायचं. एक रूप विरत जातं, दुसरं उमटत येतं. काही काळ ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोग केलेल्या फाळक्यांना (आडनाव उलटं वाचून पाहा) दोन्ही युक्त्या हातच्या मळासारख्या होत्या. पण पहिलीत मधलं रूप नसतंच आणि दुसरीत मधे असतात ती एकावर एक पडलेली दोन भुतं. नाक सरकत सरकत दुसरं नाक झालंय, खांदा उतरत उतरत दुसरा खांदा झालाय, असं काही घडत नाही.

मधलं रूप खरोखर दाखवणारी फिल्म फाळक्यांनी आधीच करून ठेवली होती, १९१२ साली, भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ दिवसागणिक त्याचं चित्रण केलं. पडद्यावर बघता बघता अंकुर फुटला, वेल चढली. इथे प्रत्येक मधला आकार होता, कारण तो वाटाण्यानं स्वतः काढला होता. पुढे १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ आली. त्यात आगकाड्या आपोआप हलताना दिसत. एक चौकट टिपायची, काडी जरा सरकवायची, पुन्हा एक चौकट. इथले मधले आकार हातानं रचलेले होते.

म्हणजे वेलीनं तरी ते घडवायचे किंवा माणसाच्या हातानं. तिसरा मार्ग सापडायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला. आज तो कुठल्याही बऱ्यापैकी संगणकावर फुकट मिळतो: पहिला आकार आणि शेवटचा आकार तुम्ही काढा, मधले सगळे आकार गणितानं येतील. ॲनिमेशन शिकणारी मुलं याला ‘शेप ट्वीन’ म्हणतात आणि पहिल्याच आठवड्यात वर्तुळाचा चौकोन करून मोकळी होतात. दहा मिनिटांचं काम म्हणून ते सोडून दिलं जातं याची मला हळहळ वाटते, कारण त्या दहा मिनिटांत डोकं गरगरावं इतकं काही भरलेलं आहे.

आपण नाशिकचंच उदाहरण घेऊ. निफाड-दिंडोरीकडचं द्राक्ष घ्या आणि त्याचा बेदाणा करा. सिनफिग हे मोफत सॉफ्टवेअर चालेल, ॲडोबी ॲनिमेट असेल तर तेही चालेल. पहिल्या फ्रेमवर गोलसर हिरवा आकार काढा. चोविसाव्या फ्रेमवर कीफ्रेम (स्वतः काढायची मुख्य चौकट) टाकून सुरकुतलेला, तपकिरी, लहान आकार काढा. ॲनिमेटमध्ये मधल्या पट्टीवर ट्वीन लावा. बटण दाबलं की सेकंदाभरात द्राक्ष सुकतं. बेदाण्याच्या शेडमध्ये ज्याला दिवस लागतात, ते चोवीस चौकटींत झालं.

आत काय घडलं? संगणकाला द्राक्ष दिसलंच नाही. त्याच्यापुढे होती ती कडेवरच्या बिंदूंची यादी, प्रत्येक बिंदूचे दोन आकडे, डावीकडून किती आणि वरून किती. समजा एक बिंदू १०० आणि २०० वर आहे आणि त्याला ३४० आणि ८० वर जायचं आहे. पाव वेळ सरली की पाव वाट, म्हणजे १६० आणि १७०. अर्धी वेळ सरली की २२० आणि १४०. चौथीतल्या मुलाला यावं असं हे गणित आहे. कडेवरचा प्रत्येक बिंदू असाच आपापल्या सरळ रेषेनं चालतो आणि त्यांना जोडणारी कड ज्या ज्या रूपांतून जाते, ती रूपं कुणीही काढलेली नसतात.

खरी मेख पुढे आहे. या बिंदूला ३४० आणि ८० वरच जायचं आहे, हे ठरवलं कुणी?

शाळेच्या मैदानावर लेझमीचं पथक वर्तुळातून चांदणीत जातं तेव्हा प्रत्येक पोराला आपली पुढची जागा ठाऊक असते. जोड्या नीट ठरलेल्या असल्या की चांदणी फुलासारखी उमलते. जोड्या चुकल्या तर पोरं एकमेकांवर आदळतात आणि पीटीचे सर शिट्टी फुंकतात. संगणकातले बिंदू आदळत नाहीत, एकमेकांच्या आरपार जातात, म्हणून शिट्टी वाजत नाही. फक्त मधला आकार स्वतःलाच कापतो, पिळवटतो, गाठ पडल्यासारखा दिसतो.

जोड्या लावायच्या तरी किती तऱ्हा असतील? द्राक्षावर वीस बिंदू आणि बेदाण्यावरही वीस बिंदू आहेत असं धरा. कडेवरचा क्रम मोडायचा नाही अशी अट घातली तरी द्राक्षाचा पहिला बिंदू बेदाण्याच्या वीसपैकी कुठल्याही बिंदूशी जोडता येतो; तिथून पुढे एका दिशेनं जाता येतं किंवा उलट दिशेनं. झाल्या चाळीस तऱ्हा. त्यातल्या एखाददुसरीत द्राक्ष सुकल्यासारखं दिसेल. उरलेल्यांत ते कुणीतरी पिळल्यासारखं फिरत फिरत बेदाण्यापर्यंत पोचेल किंवा आतून बाहेर उलटेल.

उलट दिशेची गंमत तर करूनच बघावी अशी. बेदाणा बाजूला ठेवा. एक शुद्ध वर्तुळ घ्या आणि त्याचं रूपांतर त्याच वर्तुळात करा. फक्त पहिल्याचे बिंदू घड्याळाच्या दिशेनं मोजलेले आणि दुसऱ्याचे उलट. दोन्ही आकार एकच, जागा एकच. तरी अर्ध्या वाटेवर पोचता पोचता वर्तुळ चपटं होत होत एक सरळ काडी होतं आणि मग पुन्हा फुगून वर्तुळ! वरचा प्रत्येक बिंदू खाली निघालेला आणि खालचा वर, त्यामुळे मधोमध सगळे एका रेषेवर येतात. काहीही बदलायचं नव्हतं, पण वाट चुकीची नेमून दिली म्हणून वर्तुळाला काडी व्हावं लागलं.

बिंदूंची संख्याच जुळत नसेल तर? संगणकात साधं वर्तुळ चार बिंदूंवर उभं असतं, सुरकुत्यांच्या बेदाण्याला वीस लागतात. वर्तुळाला आणखी सोळा बिंदू द्यायचे आणि वर्तुळ तसूभरही हलू द्यायचं नाही. याची युक्ती एका मोटारीच्या कारखान्यातून आली. पॉल द कास्टेल्जो हा फ्रेंच गणिती १९५९ च्या सुमारास सिट्रोएन कंपनीत गाड्यांच्या वळणदार पत्र्याचं गणित मांडत होता. (तशाच वक्ररेषांना आज नाव मिळालं आहे ते रेनॉ कंपनीच्या बेझिएचं. कंपन्यांची गुपितं संशोधकाला अशी महाग पडतात.) वक्राचा तुकडा चार बिंदूंनी ठरतो: दोन टोकं आणि कड कुठे झुकायची ते सांगणाऱ्या दोन मुठी. चार बिंदू ओळीनं जोडले की तीन रेषा होतात. तिघींचे मध्य काढा, ते जोडा, दोन रेषा होतील. त्यांचे मध्य काढा, जोडा, एक रेषा उरेल. तिचा मध्य नेमका वक्रावरच पडतो! तिथे वक्र तोडला तर दोन तुकडे होतात आणि दोघं मिळून जुनाच वक्र काढतात. मध्य काढण्यापलीकडे यात काहीही नाही, तरी पहिल्यांदा कागदावर पट्टीनं करून पाहणाऱ्याला तो शेवटचा बिंदू कडेवर बसलेला पाहून हसू फुटतं.

फ्लॅश या सॉफ्टवेअरच्या काळात या सगळ्यावर एक फार माणुसकीचा तोडगा होता. १९९६ मध्ये आलेलं, पुढे ॲडोबीकडे गेलेलं, आता ॲनिमेट या नावानं उरलेलं हे सॉफ्टवेअर. संगणकानं जोड्या वेड्यावाकड्या लावल्या की तुम्ही ‘शेप हिंट’ टाकायची. पडद्यावर ए अक्षराची लाल टिकली उगवते. ती द्राक्षाच्या देठावर ठेवा, शेवटच्या फ्रेमवर जाऊन तीच टिकली बेदाण्याच्या देठावर ठेवा. दोन्हीकडे कडेवर नीट बसली की पहिली पिवळी होते, दुसरी हिरवी. अशा टिकल्या ए पासून झेड पर्यंत, म्हणजे सव्वीस. त्यापलीकडे तुमचं नशीब. देठ म्हणजे काय हे यंत्राला ठाऊक नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे आणि तेवढंच तुम्ही त्याला सांगता. बहुतेक वेळा दोन-तीन टिकल्यांत सगळा आकार शहाण्यासारखा वागू लागतो.

एक अडचण मात्र टिकल्यांनीही सुटत नाही. ‘व’चा ‘ब’ करून बघा. आपल्या डोळ्यांना फरक एका तिरप्या रेघेचा. पण संगणकासाठी ‘व’ म्हणजे एक बाहेरची कड आणि पोटातली एक पोकळी. ‘ब’ म्हणजे एक बाहेरची कड आणि दोन पोकळ्या. एका पोकळीच्या दोन होणं हे सरकण्यातून साधत नाही, कारण कड सरकेल, ताणेल, आक्रसेल, पण तुटायचं कुठे हे तिला माहीत नाही. मग कसलेला कलाकार लबाडी करतो. ‘व’ची पोकळी अक्षरापासून वेगळी काढतो, वर पांढरा आकार म्हणून ठेवतो, तशाच दोन एकावर एक ठेवून देतो आणि सावकाश दोन बाजूंना नेऊन त्यांचे दोन तुकडे करतो. बघणाऱ्याला वाटतं मधे रेघ उगवली. ‘प’चा ‘ष’ करतानाही हीच कसरत करावी लागते.

आता सरळ रेषेचं पाप बघू. घड्याळाचा काटा बारावरून तीनवर न्यायचा आहे. टोकाचा बिंदू सरळ रेषेनं निघतो, पण काट्याच्या टोकाची खरी वाट गोलाकार असते. त्यामुळे अर्ध्या वाटेवर काट्याची लांबी उरते जेमतेम ७१ टक्के. बारावरून सहावर न्यायचा असेल तर अर्ध्या वाटेवर काटा शून्य लांबीचा, म्हणजे गायबच. हातपाय हलवणारं पात्र शेप ट्वीननं करायला जाऊ नये, असं शिकवणारे बजावतात ते यासाठी. तिथे लांबी आणि कोन वेगवेगळे सांगावे लागतात: लांबी तशीच ठेव, फक्त कोन बदल.

आणि हेच पाप आपल्या बेदाण्यातही लपलेलं आहे. द्राक्षातलं पाणी जातं, गर आक्रसतो, पण साल तेवढीच राहते. जास्तीची साल जाणार कुठे, म्हणून तिला सुरकुत्या पडतात. चित्रात तुम्ही हे इमानदारीनं पाळलंत आणि द्राक्षाच्या कडेची लांबी व सुरकुत्यांसकट बेदाण्याच्या कडेची लांबी सारखी ठेवलीत, तरी मधल्या चौकटींत ती सारखी राहत नाही. सरळ वाटेनं चाललेल्या बिंदूंमधली कड मधोमध दोन्ही टोकांपेक्षा आखूडच भरते. म्हणजे पडद्यावरच्या द्राक्षाची साल आधी आटते आणि मग पुन्हा वाढते. निफाडच्या बागायतदाराला हे चित्र दाखवलं तर काय चुकतंय ते त्याला सांगता येणार नाही कदाचित, पण तो मान हलवेल. यावर उपाय आहेत. १९९२ मध्ये सेडरबर्ग आणि ग्रीनवुड या दोघांनी कड म्हणजे जणू तार आहे असं धरलं: तिला ताणायला आणि वाकवायला किती श्रम पडतील ते मोजायचं आणि कमीत कमी श्रमांच्या जोड्या निवडायच्या.

वेग हाही एक प्रश्न आहे. समान वेळेत समान वाट चालणारे बिंदू निर्जीव वाटतात. जिवंत गोष्टी सुरुवातीला रेंगाळतात, मधे धावतात, शेवटी पुन्हा मंदावतात. त्यासाठी वेळेचा वर्ग तिप्पट करून त्यातून वेळेच्या घनाची दुप्पट वजा करायची, असं एक लाडकं सूत्र आहे. पाव वेळेत पाव वाटेऐवजी जेमतेम १६ टक्के वाट कापली जाते, अर्ध्या वेळेत बरोबर अर्धी. सॉफ्टवेअरमध्ये हे ‘ईझ’ नावाच्या एका वळणदार रेषेत असतं आणि नवशिके तिला हातच लावत नाहीत.

या खेळाची पहिली मोठी कलाकृती हसत हसत बघण्यासारखी नाही. ओटावामधल्या कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत नेस्टर बर्टनिक नावाचा अभियंता होता. डिस्नेच्या स्टुडिओत प्रमुख चित्रकार मोजकी चित्रं काढतात आणि मधली असंख्य चित्रं साहाय्यक भरत बसतात, हे त्याला १९६९ मध्ये एका परिषदेत कळलं. ते भरण्याचं काम यंत्राला देऊ, असं म्हणून त्यानं आणि मार्सेली वाइननं प्रणाली रचली. तिच्यावर पीटर फोल्डेस या चित्रकारानं १९७४ साली ‘हंगर’ हा लघुपट केला. एक किडकिडीत माणूस खात सुटतो, फुगत जातो, त्याचं तोंड, पोट, आसपासच्या वस्तू सगळं एकमेकांत वितळत राहतं आणि शेवटी भुकेले लोक त्यालाच खातात. बारीक रेघांचं चित्र आहे आणि ते बघवत नाही. खादाडपणा दाखवायला याहून नेमकं तंत्र मला सुचत नाही: ज्यात कशालाच स्वतःची कड नाही, अशा चित्रातल्या माणसाला सीमाच नसते. लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं आणि बर्टनिक आणि वाइन यांना १९९७ मध्ये अकादमीचा तांत्रिक पुरस्कार.

रेघांवरून चेहऱ्यांवर यायला आणखी काही वर्षं लागली. मायकल जॅक्सनच्या ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ या गाण्याच्या व्हिडिओत शेवटाकडे एक हसरा चेहरा दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात मिसळत जातो, साल १९९१, काम पॅसिफिक डेटा इमेजेसचं. तिथे दोन्ही चेहऱ्यांवर माणसांनी हातानं रेषा आखल्या होत्या: ही भुवई, ही नाकाची धार, ही हनुवटी. त्या रेषांच्या ओढीनं पहिला चेहरा दुसऱ्याच्या मापात जातो, दुसरा पहिल्याच्या, आणि मग एक विरतो, एक उमटतो. म्हणजे फाळक्यांच्या काळचं ते एकावर एक चित्रणच, पण आता नाकावर नाक पडतं, म्हणून भुतं दिसत नाहीत.

कागदावर हे फार आधी झालं होतं, हेही सांगायला हवं. १९१७ मध्ये डार्सी थॉम्पसन या स्कॉटिश जीवशास्त्रज्ञानं एका माशावर चौकटींची जाळी आखली, जाळी वाकडी केली आणि माशाच्या रेघा त्या वाकड्या चौकटींत उतरवल्या. काटेरी डायोडॉन मासा भल्या थोरल्या सनफिशसारखा दिसू लागला. त्याच वर्षी फाळक्यांचं ‘लंकादहन’ पडद्यावर आलं. त्यात राम आणि सीता दोन्ही साळुंके या एकाच नटानं केले होते; तिथलं रूपांतर वेशभूषेनं साधलं.

इतकं वाचूनही संगणकावर काही करून बघायचा कंटाळा असेल, तर शेप ट्वीन तुम्हाला मराठी अक्षरांतच भेटेल. २०१६ साली व्हेरिएबल फॉन्ट नावाची पद्धत आली. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘बलू २’ हा देवनागरी फॉन्ट त्याच जातीचा आणि फुकट मिळणारा. अक्षरकार सडपातळ ‘क’ काढतो आणि जाडजूड ‘क’ काढतो. दोन्हींत बिंदू तितकेच, त्याच क्रमानं, त्याच जागेपासून मोजलेले असावे लागतात, एकाही जोडाक्षराला सूट नाही. मग वजनाची, म्हणजे जाडीची, सरकपट्टी ४०० पासून ८०० पर्यंत कुठेही थांबवा. ५८७ वजनाचा ‘क’ कुणी काढलेला नाही, मागितला की मोजून दिला जातो. पट्टी हळूहळू ओढत ‘ब’कडे बघत राहा. रेघ जाड होत जाते तशा त्याच्या पोटातल्या दोन्ही पोकळ्या आवळत जातात, पण ८०० ला पोचेपर्यंत एकही बुजत नाही. तेवढी जागा अक्षरकारानं जाड ‘ब’ काढतानाच राखून ठेवलेली असते.